भरल्या गाडीची थरथर

काकूंचा उजवा हात थरथरायचा आणि लपवता येत होतं तोवर काकूंनी ते लपवलं. स्वेटरला एवढा मोठा खिसा कशाला, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी बेधडक काहीतरी थाप मारली असती. हात रिकामा असला की अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत राहायची, चिमटीतलं मीठ कुणी सावकाश सोडत असावं तसं. हाताला काम दिलं की तो गप्प. स्टिअरिंग धरलं की तर तो इतका शहाण्यासारखा वागायचा की काकूंना त्याचा रागच यायचा.

डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, तूर्त गाडी चालवायला हरकत नाही, फक्त अधूनमधून येऊन दाखवत जा. मुलगा शेजारच्याच खुर्चीत बसला होता. त्यानंही हे दोन्ही कानांनी ऐकलं. पण घरी पोचेपर्यंत वाटेत कुठंतरी 'हरकत नाही' गळून पडलं आणि त्याच्याजवळ 'तूर्त' तेवढं शिल्लक राहिलं.

हा मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तो काळजीवाहू जातीचा आहे. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा. असल्या माणसांचं एक असतं, त्यांची काळजी आपल्या गळ्याभोवती कधी आवळली जाते ते त्यांनाही कळत नाही.

काकूंचा धंदा पिण्याच्या पाण्याच्या जारचा. गावाबाहेर जार भरून देणारा कारखाना आहे. तिथून सकाळी गाडी भरायची, वसाहतींमधून आणि दुकानांमधून भरलेले जार द्यायचे, रिकामे घ्यायचे आणि संध्याकाळी रिकाम्या जारांचा खडखडाट करत परतायचं. काकांची नोकरी सुटली तेव्हा हे दोघांनी मिळून सुरू केलं. गाडी शिकायला दोघंही गेले होते. काकांच्या तिसऱ्या धड्याला शिकवणाऱ्याच्या घराच्या फाटकाचा खांब आडवा आला. खांब आपणहून आडवा आला असं काका आजही सांगतात. त्या दिवसापासून वाटणी ठरली ती ठरली. गाडी काकूंची, जिने काकांचे.

गाडीचं नाव निळी. मागं उघडा हौदा, पुढं लांब सीट, इंजिन पुढं आणि जोर मागच्या चाकांना. कधीकाळी तिचा रंगही निळा होता. काकू तिला मनातल्या मनात शिव्या देत आणि उघडपणे गोंजारत. काका त्यांच्या शेजारी खिडकीशी बसत, पाठ मागच्या पत्र्याला टेकवून, डोळे मिटून. इमारत आली की उतरायचं, खांद्यावर जार घ्यायचा आणि जिना चढायचा. लिफ्ट असली तरी ती बंद असायची, हा सगळ्या वसाहतींचा अलिखित नियम दिसतो.

आणि मग एके सकाळी निळीही थरथरायला लागली.

थांबलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलली की खालून एक दणका बसायचा आणि मग सगळं अंग शहारल्यासारखं हलायचं. वेग घेतला की कमी, पुलाचा चढ लागला की पुन्हा. काकूंनी घरी येऊन सांगितलं. मुलानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही, खिशाकडं बघितलं.

"आई, गाडी थरथरते की..." तो म्हणाला आणि पुढचं गिळलं.

गिळलेलं वाक्य पोटात राहत नाही. संध्याकाळी तो किल्ली घेऊन निळीला एक चक्कर मारून आला. गाडी लोण्यासारखी चालली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. त्यानं सुनेला काहीतरी सांगितलं, सुनेनं मान हलवली. ही सून एरवी काकूंच्या बाजूची, पण मान हलवायला बाजू लागत नाही.

काकूंना वाटलं चाकांचा दोष असणार. तसं त्या घरात ठणकावून बोलल्याही. टायर पुढचे मागं, मागचे पुढं केले, चाकांचा तोल करून घेतला, आणि पुढच्या सकाळी निळी होती तशी थरथरली. आपलं तोंड आपल्याच हातानं फोडून घेतल्यासारखं झालं. मग मिस्त्रीकडं नेली. मिस्त्री म्हणाला, आधी गाडी रिकामी करून आणा, एवढं ओझं घेऊन मी तपासत नसतो. रिकामी करून नेली. त्यानं रस्त्यानं एक फेरी मारली, परत येऊन किल्ली बरोबर आलेल्या मुलाच्या हातात दिली, काकूंच्या नाही. "गाडीत काही नाही," तो म्हणाला आणि काकूंच्या उजव्या हाताकडं ओझरतं बघून लगेच दुसरीकडं बघायला लागला. हात तेव्हा नेमका खिशाबाहेर होता.

ते ओझरतं बघणं काकूंना जन्मात विसरता येणार नाही. कुणी तोंडावर म्हातारी म्हटलं असतं तर दोन शब्द सुनावता आले असते. दयेला काय सुनावणार?

त्या आठवड्यात मुलानं गाडीला गिऱ्हाईक पाहिलं. येत्या रविवारी दुपारी माणूस येणार, गाडी बघणार, पटली तर घेऊन जाणार. कागदोपत्री निळी काकांच्या नावावर होती, त्यामुळं सही काकांची लागणार होती. मुलगा हे सगळं जेवताना हळू आवाजात बोलला, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसं. काकूंनी काकांकडं बघितलं. काकांनी ताटाकडं बघितलं.

"अहो, तुम्ही शेजारी बसता ना माझ्या? तुम्ही सांगा. गाडी हलते की मी हलते?"

"मी झोपलेला असतो गं," काका म्हणाले. "मला काय कळतंय."

इथं पाणी मुरत होतं. पण काकूंना त्या वेळी राग इतका आला होता की मुरणारं पाणी दिसलं नाही. नवऱ्याला झोप लागते याचाच त्यांना राग आला.

त्यांनी एकच गोष्ट मनाशी पक्की केली. आता मिस्त्रीकडं 'गाडी थरथरते हो' असं रडगाणं घेऊन जायचं नाही. दुखतंय कुठं ते बोट ठेवून दाखवायचं, मगच त्याच्या दारात पाऊल टाकायचं. तोवर किल्ली कुणाला द्यायची नाही. त्या रात्री किल्ली त्यांच्या उशीखाली होती आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दोन दिवसांनी एका दुकानाला कुलूप निघालं. मालक अचानक परगावी गेलेला. त्याच्या वाट्याचे जार हौद्यातच राहिले, शिवाय त्याच्या शेजाऱ्यानंही नको म्हटलं. संध्याकाळी काकू परतल्या त्या अर्धी गाडी भरलेली घेऊनच. कोपऱ्यावरच्या सिग्नलला थांबल्या, पुन्हा गाडी उचलली आणि खालून दणका आला. दणका, मग थरथर.

काकूंनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद करून नुसत्या बसून राहिल्या. परतताना निळी कधीच थरथरत नाही. आज का थरथरली? मागं वळून त्यांनी हौद्यातल्या जारांकडं बघितलं आणि मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, उजवाच.

मुलगा गाडी संध्याकाळी चालवतो, म्हणजे रिकामी. मिस्त्री म्हणाला रिकामी आणा. सगळ्या जगानं निळीला रिकाम्या पोटी तपासलं आणि ठणठणीत असल्याचा दाखला दिला. जिचा दोष ओझं उचलताना दिसतो तिला ओझं काढून तपासायचं. काकू एकट्याच हसल्या. काकांनी एक डोळा उघडून विचारलं, काय झालं. "काही नाही, झोपा तुम्ही," काकू म्हणाल्या.

पुढची सकाळ त्यांनी सोडली नाही. गाडी गळ्यापर्यंत भरून घेतली. आधी जागच्या जागी, गिअर न टाकता, इंजिनाचा आवाज वाढवून बघितला. निळी गुरगुरली, पण दणका नाही, शहारा नाही. म्हणजे इंजिन नुसतं फिरताना गुन्हेगार नाही. मग मोकळ्या रस्त्यावर चढ गाठला, थरथर सुरू झाली तशी क्लच दाबून जोर काढून घेतला. चाकं त्याच वेगानं फिरत होती आणि थरथर विरून गेली. चाकांचा दोष असता तर चाकं फिरतायत तोवर ती राहिली असती. म्हणजे आपण टायर बदलून घेतले तो शुद्ध गाढवपणा. काकूंनी तो गाढवपणा मनात मान्य केला आणि पुढं निघाल्या. उरलं काय? इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत वाहून नेणारं जे काही गाडीच्या पोटाखालून जातं, ते. गिअरबॉक्स, लांब दांडा, त्याचे सांधे. काकूंचा संशय गिअरबॉक्सवर होता. गिअरबॉक्स गेला असता तर निळी विकलेलीच बरी, असं मुलगा म्हणाला असता आणि त्यांना उलट बोलता आलं नसतं.

हे सगळं चाललेलं असताना काका शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. त्या दिवशी ते झोपले नव्हते.

शनिवारी जेवताना काकूंनी खिशातला हात काढून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. हात थरथरत होता. चमचा त्याच्या शेजारी किणकिणत होता.

"बघा नीट," त्या म्हणाल्या. "हा माझा. याच्याबद्दल माझं काही भांडण नाही. हा थरथरतो, गोळ्या घेते, डॉक्टर नाही म्हणतील त्या दिवशी किल्ली मी स्वतः तुझ्या हातात देईन. पण गाडीची थरथर माझ्या नावावर खपवून घेणार नाही. उद्या सकाळी तू गाडी चालवायचीस. भरलेली. मी नुसती बसणार. थरथर निघाली नाही तर दुपारी तुझ्या माणसाला मी चहा करून देईन. निघाली तर त्याला येऊ नको म्हणून तू कळवायचंस."

"आई, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठीच चालव."

सुनेला हसू आलं, ते तिनं पाण्याच्या पेल्यात लपवलं.

रविवारी सकाळी निळी भरली. मुलगा स्टिअरिंगमागं बसला, काकू मध्ये, काका खिडकीशी. काकूंनी एक अर्धा भरलेला जार काकांच्या मांडीवर दिला.

"हा कशाला?" काका म्हणाले.

"साक्षीदार आहे. तुमच्यापेक्षा जागा आहे."

पुलाच्या पायथ्याशी काकूंनी गाडी थांबवायला लावली. मागं रस्ता मोकळा होता. मग त्यांनी दोन्ही हात वर केले, कुणी बंदूक रोखल्यासारखे. "माझे हात कुठं आहेत ते बघून ठेव. आता उचल गाडी."

मुलानं क्लच सोडला. खालून दणका आला. जारमधल्या पाण्याला वर्तुळं फुटली, मग सगळा पृष्ठभाग जारच्या कडेपर्यंत बारीक नाचायला लागला. मुलाचे हात स्टिअरिंगवर हलत होते आणि त्याचे हात तर तरुण, निरोगी, तीनदा कुलूप ओढणारे.

"रस्ता खराब असेल इथं," तो म्हणाला.

"असेल ना. पुन्हा थांब. पुढं रस्ता गुळगुळीत आहे."

तो पुन्हा थांबला, पुन्हा निघाला. दणका, वर्तुळं, नाच. तिसऱ्यांदा त्यानं स्वतःहूनच थांबून पाहिलं. काकूंचे हात अजून वरच होते आणि उजवा थरथरत होता, डावा नव्हता. गाडी उभी होती तेव्हाही थरथरत होता. दोन्ही थरथरी एकाच केबिनमध्ये होत्या आणि कुठली कुणाची हे आता आंधळ्यालाही कळलं असतं.

"थरथरतेय," मुलगा शेवटी म्हणाला. "आई, गाडीच थरथरतेय."

"हात खाली घेऊ?"

"घे."

त्याचा चेहरा इतका पडला होता की काकूंना त्याची कीव आली. पण त्यांनी ती दाखवली नाही. एवढ्या दिवसांचं एवढ्यात सोडून द्यायचं नव्हतं.

पूल उतरून सपाट जागी गाडी उभी केली. "आता येतंय कुठून ते शोधायचं," काकू म्हणाल्या. "मला वाटतं पुढून, गिअरच्या खालून. गिअरबॉक्सच असणार."

"पुढून नाही," काका म्हणाले. "मागच्या पत्र्यातून येतं. बरोबर मधून, इथं, माकडहाडाच्या जरा वर. आधी एक गुद्दा बसतो, मग थरथर. चढाला जास्त."

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं आपण काय बोललो ते. जारमधलं पाणी तेव्हा अगदी स्थिर होतं.

मुलानं एकदा आईकडं, एकदा बापाकडं बघितलं आणि दार उघडलं. "मी खाली जाऊन बघतो," तो म्हणाला. हँडब्रेक ओढलेला होता, चाकांना त्यानं दगड लावले आणि मोबाइलचा उजेड घेऊन तो हौद्याखाली सरकला. थोड्या वेळानं त्याचे दोन पायच बाहेर दिसायला लागले. जन्मात त्यानं इतक्या चटकन शहाणपणा केला नव्हता.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"थंडीच्या आधीपासून."

"चाकं बदलून घेतली मी, तेव्हा ठाऊक होतं?"

"होतं."

"मिस्त्रीनं माझ्या हाताकडं बघितलं तेव्हा?"

काकांनी जार दोन्ही हातांनी धरून ठेवला. "तेव्हाही."

"आणि मी घरात सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा तुम्ही झोपेत होतात."

खालून मुलगा म्हणाला, "सायलेन्सर तापलाय."

"माझी पाठ गेलीये गं," काका म्हणाले. "तो दणका बसला की डोळ्यांपुढं अंधारी येते. जिने होत नाहीत आता. तिसरा मजला म्हटलं की आदल्या रात्री डोळा लागत नाही."

"मग सांगायचं होतं."

"कुणाला? तुला? तू असला हात घेऊन रोज सकाळी गाडी काढतेस, एक शब्द बोलत नाहीस. आणि मी धडधाकट माणसानं म्हणायचं, पाठ दुखते? मला वाटलं, गाडी गेली की जिने आपोआप सुटतील. कुणाला काही सांगावं लागणार नाही."

"म्हणून माझा हात पुढं केलात," काकू म्हणाल्या. "तुमच्या पाठीसाठी माझा हात विकायला काढलात."

"काढला," काका म्हणाले.

त्यांनी दुसरं काही कारण दिलं नाही, हे एक त्यांच्या बाजूनं सांगता येईल. काकूंना रडू आलं, रागाचं रडू, आणि त्यांनी ते पुसलं नाही. मुलानं त्यांना म्हातारं ठरवलं होतं, ते एक वेळ चाललं असतं, मुलं तसं करतातच. पण ज्याच्या शेजारी बसून इतके रस्ते तुडवले, त्याला सगळं ठाऊक होतं आणि तो मूग गिळून बसला होता. आपण खोट्या नाही एवढं सांगणारं एकच माणूस जगात होतं आणि ते डोळे मिटून पडलं होतं.

खालून मुलाचा आवाज आला. "आई, सापडलं वाटतं. मधोमध दांड्याला एक बेअरिंग आहे, त्याच्याभोवतीचं रबर फाटून लोंबतंय. दांडा हातानं वरखाली होतोय बघ." मग जरा थांबून, "बाबांनी सांगितलं तिथंच."

"बाबांना पहिल्यापासून सगळं कळतं," काकू जोरात म्हणाल्या. "खांबसुद्धा त्यांनाच आधी दिसला होता."

काकांच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच मावळलं, कारण काकू हसत नव्हत्या.

मुलगा बाहेर आला तो कोपरापर्यंत काळा होऊन. त्यानं तिथंच रस्त्याच्या कडेला उभं राहून गिऱ्हाइकाला फोन केला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. मग किल्ली काढून आईच्या हातात दिली. उजव्या हातात. किल्ली थोडी किणकिणली, काकूंनी मूठ वळली आणि आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी त्या मिस्त्रीकडं गेल्या. रमतगमत, चढ टाळून, पण गाडी भरून.

"रिकामी करून आणा म्हटलं होतं ना," मिस्त्री म्हणाला.

"भरलेलीच तपासा. रिकामी असताना ती सगळ्यांशी गोड वागते. मधलं बेअरिंग आणि त्याच्याभोवतीचं रबर, तेवढं बघा. चाकं बघू नका, इंजिन बघू नका. मागचे सांधे एकदा चाचपा, मला त्यांचीही शंका आहे."

मिस्त्रीनं आधी मुलाला शोधलं. मुलगा आलाच नव्हता. मग त्यानं नाइलाजानं काकूंच्या हातून किल्ली घेतली, पुलापर्यंत जाऊन आला आणि गाडीखाली शिरला. बाहेर येऊन म्हणाला, "रबर गेलंय. सांधे ठीक आहेत, त्यांना हात लावायची गरज नाही." आणि मग सवयीनं, "गिअरबॉक्स एकदा उघडून बघून घेऊया का?"

"नको," काकू म्हणाल्या.

"नंतर म्हणू नका..."

"नंतर मीच येईन म्हणायला. तेव्हाही भरूनच आणीन."

या वेळी त्यानं त्यांच्या हाताकडं बघितलं तेव्हा काकूंनी तो खिशात घातला नाही. बाकावर बसून राहिल्या, हात गुडघ्यावर, ज्याला बघायचं त्यानं बघावं असा. मिस्त्रीनं काम संपेपर्यंत दुसऱ्यांदा बघितलं नाही. माफी वगैरे त्यानं मागितली नाही आणि काकूंनाही ती नको होती. रबर बदललेलं हवं होतं.

घरी मात्र काकू काकांशी बोलत नव्हत्या. चहा द्यायच्या, ताट वाढायच्या, तोंडाला कुलूप. काकांनी एकदा म्हणून बघितलं, "मी सांगतो मुलाला, सगळं माझ्या पाठीमुळं झालं म्हणून."

"मुलाला कळलंय," काकू म्हणाल्या. एवढंच.

निळी नीट झाल्यावरच्या पहिल्या सकाळी काका नेहमीसारखे खिडकीशी येऊन बसले. पाठ पत्र्याला टेकवताना त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. काकूंनी गाडी उचलली. गुद्दा बसला नाही. काकांनी डोळे उघडले आणि समोर बघत राहिले.

पहिली इमारत आली. काकांनी दाराच्या कडीला हात घातला.

"उतरायचं नाही," काकू म्हणाल्या आणि हॉर्नवर तळवा ठेवला. तो तसाच ठेवला. आधी कावळे उडाले, मग खिडक्या उघडल्या. काकूंनी मान बाहेर काढली.

"पाणी आलंय. आजपासून ज्याचा जार त्यानं खाली येऊन न्यायचा. रिकामा घेऊन या."

पहिल्या मजल्यावरून एक माणूस रिकामा जार घेऊन खाली आला. दुसऱ्या मजल्यावर कुरकुर झाली. तिसऱ्या मजल्यावरची बाई गॅलरीत वाकून उभी राहिली. "हे काय नवीन? काका कुठं आहेत? काका का नाही येत वर?"

काकूंना उत्तर ठाऊक होतं. चार उत्तरं ठाऊक होती आणि त्यातली तीन झणझणीत होती. पण त्या गप्प बसल्या. उजवा हात खिडकीच्या कडेवर ठेवला, उन्हात, आणि तो थरथरत राहिला. त्यांनी काकांकडं वळूनही बघितलं नाही. नुसती वाट बघितली.

बाईनं पुन्हा विचारलं. मग पलीकडचं दार उघडलं. काका दाराला धरून सावकाश खाली उतरले, गाडीच्या पुढं जाऊन उभे राहिले आणि त्यांनी मान वर केली.

"माझी पाठ गेलीये," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदा बसकाच निघाला, म्हणून त्यांनी तेच पुन्हा सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हटलं. "माझी पाठ गेलीये. जिने होत नाहीत. गाडीला काही झालेलं नाही, आणि गाडी चालवणारीलाही काही झालेलं नाही."

"थांबा, आले," गॅलरीतली बाई म्हणाली आणि चपला शोधायला आत गेली. काका परत येऊन जागेवर बसले. काकूंनी त्यांच्या पाठीमागं सरकवायला स्वतःच्या पाठीमागची उशी काढून दिली आणि पुढच्या इमारतीचं नाव सांगून विचारलं, "तिथं कोण बोलणार, तुम्ही की मी?"

"मी," काका म्हणाले.